निकोला आंद्री आणि मुलांची बैठक

मोठ्या शहरांतील रुग्णालयांतून हाडांच्या व सांध्यांच्या विभागापाशी, अगर त्या शास्त्राच्या ग्रंथांवर व मासिकांवर, एक चित्र पुष्कळ वेळा आढळते. एक कोवळे पण वाकडे वाढलेले झाड, त्याच्या शेजारी जमिनीत ठोकलेला एक सरळ खुंट, आणि झाडाला त्या खुंटाशी जखडणारे दोराचे वेढे, एवढेच ते चित्र आहे. देशोदेशींच्या अस्थिव्यंगतज्ज्ञांच्या संस्थांनी ते आपले बोधचिन्ह म्हणून स्वीकारले आहे. हे चित्र पॅरिस येथे १७४१ साली छापलेल्या एका फ्रेंच ग्रंथातले. त्या ग्रंथाचा कर्ता निकोला आंद्री या नावाचा एक वृद्ध वैद्य होता, आणि आज सर्वांच्या तोंडी असलेला ऑर्थोपेडिक हा शब्दही मुळात त्यानेच घडविला. झाडाचे चित्र जगभर गेले; परंतु त्याच ग्रंथात, मूल ज्या खुर्चीवर बसते त्या खुर्चीविषयी त्याने जे लिहून ठेवले आहे, ते फारसे कोणास ठाऊक नाही. ज्यांच्या घरी हातापायांनी अगर पाठीने अधू असे लहान मूल आहे, त्यांस त्या झाडापेक्षा या खुर्चीचाच उपयोग अधिक, असे आम्हांस वाटते. यास्तव या गृहस्थाचे चरित्र आमच्या वाचकांपुढे ठेवीत आहो.

आंद्रीचा जन्म २३ ऑगस्ट १६५८ रोजी फ्रान्स देशातील लियाँ शहरी झाला. घराणे व्यापाऱ्याचे, स्थिती बेताची. त्या वेळी फ्रान्सच्या गादीवर चौदावा लुई होता. मुलाने धर्मोपदेशक व्हावे या हेतूने त्याचे शिक्षण झाले. पुढे तो पॅरिस येथे आला, धर्मशास्त्राचा अभ्यास त्याने केला, आणि ग्रासँ नामक एका विद्यालयात तो अध्यापनही करू लागला. भाषेची त्यास मोठी आवड असे. १६८९ साली त्याने आपल्या काळातील फ्रेंच भाषेच्या शुद्ध व अशुद्ध प्रयोगांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. हा मनुष्य शब्दांचा पारखी होता, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. कारण पुढे बावन्न वर्षांनी त्याने जो शब्द बनविला तो अजून टिकून आहे, आणि असे भाग्य फार थोड्या वैद्यांच्या वाट्यास येते.

वयाची तिशी उलटल्यावर त्याने धर्मोपदेशकाचा मार्ग सोडला आणि वैद्यकाची कास धरली. ज्या वयात लोक आपापल्या धंद्यात स्थिरावतात त्या वयात हा मनुष्य पुन्हा विद्यार्थी होऊन बाकावर बसला. रँस व पॅरिस येथे अभ्यास करून १६९७ साली त्याने पॅरिसच्या वैद्यक विद्यापीठाची पदवी मिळविली. त्यानंतर तीनच वर्षांनी, म्हणजे १७०० साली, मनुष्याच्या शरीरात होणाऱ्या जंतांविषयी त्याचा ग्रंथ बाहेर पडला. सूक्ष्मदर्शक यंत्र त्या काळी नवीनच होते. त्यातून जे दिसे त्यावरून पुष्कळ रोगांचे मूळ बारीकसारीक जंतूंत आहे, असे त्याचे मत झाले. या मताबद्दल समकालीनांनी त्याची पुष्कळ थट्टा केली. त्याच्या विधानांत अतिशयोक्ती होती हे खरे. तथापि रोगाचे कारण डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवांत असू शकेल हा विचार वेडगळ नव्हता, हे पुढे दीडशे वर्षांनी पाश्चरच्या काळी जगास कळून आले. १७०१ साली त्यास पॅरिसच्या राजकीय महाविद्यालयात अध्यापकाची जागा मिळाली, आणि विद्वानांच्या एका प्रसिद्ध नियतकालिकात नव्या ग्रंथांचे परीक्षण करण्याचे कामही त्याजकडे आले. दुसऱ्यांच्या ग्रंथांतील दोष काढण्याची त्यास हौस होती, आणि ती हौस त्याने या जागेवर राहून यथेच्छ भागवून घेतली.

आंद्रीच्या स्वभावाची ही बाजू झाकून ठेवण्यात अर्थ नाही. तो भांडखोर होता. त्या काळी फ्रान्समध्ये वैद्य व शस्त्रवैद्य असे दोन निरनिराळे वर्ग असून, वैद्य हे विद्यापीठात शिकलेले, लॅटिन बोलणारे व प्रतिष्ठित, तर शस्त्रवैद्य हे न्हाव्यांच्या पंक्तीस बसविलेले असत. शस्त्रवैद्यांत झाँ-लुई पती याच्यासारखे विलक्षण कुशल लोक होते; हाडांच्या रोगांवर पतीने लिहिलेला ग्रंथ आजही त्या शास्त्राच्या इतिहासात मानाने उल्लेखिला जातो. आंद्रीने त्या ग्रंथावर कडक टीकेचा भडिमार केला. १७२४ साली तो पॅरिसच्या वैद्यक विद्यापीठाचा प्रमुख झाला, तेव्हा शस्त्रवैद्यांनी वैद्यांच्या देखरेखीखालीच काम करावे असा त्याचा आग्रह होता. त्याच साली राजाने शस्त्रक्रिया शिकविण्यासाठी पाच अध्यापक नेमण्याची आज्ञा केली, आणि ती आंद्रीस मुळीच रुचली नाही. या कलहात त्याच्या सहकाऱ्यांपैकीही कित्येक त्याच्यावर रुष्ट झाले व दोन वर्षांत प्रमुखपद त्याच्या हातून गेले. ज्यांचा त्याने असा पाणउतारा केला त्या शस्त्रवैद्यांच्याच वंशजांनी पुढे त्याने घडविलेला शब्द आपल्या दारावरील पाटीवर लिहावा, आणि त्याचे झाड आपल्या छातीवर मिरवावे, हा कालाचा महिमा म्हणावयाचा.

या सर्व भांडणांच्या धामधुमीत एक विचार मात्र त्याच्या मनात मूळ धरून होता. शरीर औषधाने जितके सुधारते तितकेच, किंबहुना अधिक, ते रोजच्या वागण्याने सुधारते अगर बिघडते, असे त्याचे मत होते. प्रकृती राखण्यास माफक व्यायाम हाच सर्वांत उत्तम उपाय होय काय, या प्रश्नावर १७२३ साली विद्यापीठात एक प्रबंध त्याने मांडला होता. चालणे, बसणे, उठणे, निजणे, ओझे उचलणे या साध्या क्रियांकडे वैद्याने लक्ष द्यावे, हे त्या काळी नवलाचे वाटे.

याच विचाराचे फळ म्हणजे त्याचा १७४१ सालचा ग्रंथ. त्या वेळी तो ब्याऐंशी-त्र्याऐंशी वर्षांचा होता. ग्रंथाचे दोन भाग असून आरंभी एका स्त्रीचे चित्र आहे. तिच्या हाती सरळ मोजपट्टी आहे व भोवती मुले आहेत. ग्रंथास नाव काय द्यावे, हा प्रश्न त्या जुन्या भाषापंडिताने मोठ्या खुबीने सोडविला. ग्रीक भाषेत ऑर्थोस म्हणजे सरळ व पैदिऑन म्हणजे मूल. या दोहोंचा सांधा जोडून मुलांच्या शरीरातील व्यंगे टाळण्याची व दुरुस्त करण्याची विद्या या अर्थी ऑर्थोपेदी हा शब्द त्याने बनविला. आज या शब्दाच्या पाटीखाली म्हाताऱ्यांचे गुडघे बदलले जातात व अपघातात मोडलेली हाडे सांधली जातात. पण शब्दाच्या पोटात मूलच आहे. मुंबईस हाजी अली येथे जे मुलांचे ऑर्थोपेडिक हॉस्पिटल पुढे उभे राहिले, त्याच्या नावात त्यामुळे मूल दोनदा आले आहे.

या ग्रंथाची दुसरी विशेषता अशी की, तो वैद्यांसाठी लिहिलेलाच नाही. तो आईबापांसाठी आहे. आयुष्यभर विद्यापीठात वादविवाद केलेला हा वृद्ध मनुष्य शेवटी घरातील माणसांशी बोलावयास बसला, आणि तेही लॅटिन भाषेत नव्हे, तर त्यांच्या रोजच्या फ्रेंच भाषेत. यात सर्वच मजकूर सारख्या योग्यतेचा आहे असे नाही. केस, नखे, चेहऱ्याची कांती यांविषयी त्याने पानेच्या पाने खर्ची घातली आहेत. दिसण्यास त्याने अवास्तव महत्त्व दिले आहे, आणि शरीराचे वाकडेपण म्हणजे जणू लाजिरवाणी गोष्ट, असा सूर ठिकठिकाणी उमटतो. तो आज आपणांस खटकतो, व खटकलाच पाहिजे. झाडाचे ते प्रसिद्ध चित्र वाकड्या पायाच्या प्रकरणी येते. पाय वाकडा असल्यास त्यास लोखंडाची पट्टी लावून कापडाच्या पट्ट्यांनी ती दिवसेंदिवस थोडथोडी आवळीत जावी, जसे माळी कोवळ्या झाडाला खुंटाशी बांधून सरळ करतो तसे करावे, असा त्याचा आशय आहे.

आता खुर्चीकडे वळू. मुलांच्या पाठीला पोक येण्याच्या कारणांचा विचार करताना आंद्रीने त्यांच्या बसण्याकडे बारकाईने पाहिले. त्याच्या लक्षात आले की, गवताने विणलेल्या खुर्च्यांची बैठक वापरून वापरून मधोमध खचते; अशा खोलगट बैठकीवर मूल बसले म्हणजे त्याची पाठ आपोआप मागे कमानीसारखी वाकते. मुलास दहा वेळा सरळ बैस म्हणून दटावले तरी व्यर्थ; कारण दोष मुलाचा नसून खुर्चीचा आहे. म्हणून बैठक सपाट असावी, आणि खचत असेल तर बैठकीच्या खाली मळसूत्र, म्हणजे आपण ज्यास स्क्रू म्हणतो तो, लावून त्यावर एक लहानशी फळी बसवावी. मळसूत्र फिरविले की फळी वर चढावी व खचलेला मध्य पुन्हा वर उचलला जावा, अशी युक्ती त्याने सुचविली. त्याचप्रमाणे मूल ज्या मेजाशी बसून लिहिते ते फार उंच असल्यास खांदे वर चढतात व फार ठेंगणे असल्यास पाठ वाकते, हेही त्याने बजावून सांगितले. ज्या घरी वेताच्या जुन्या खुर्च्या आहेत त्या घरच्या पालकांनी त्यांतील खचलेल्या एकीवर आपल्या मुलास घटकाभर बसवून बाजूने पाहावे, म्हणजे आंद्रीने काय पाहिले ते त्यांस तत्काळ दिसेल.

असे का होते, याची उपपत्ती आज आपणांस अधिक स्पष्ट सांगता येते. बसलेल्या मनुष्याचे बहुतेक ओझे कमरेच्या हाडाच्या तळाशी असलेल्या दोन उंचवट्यांवर पडते. बैठक सपाट व घट्ट असली म्हणजे हे दोन उंचवटे सारख्या पातळीवर टेकतात, कमरेचे हाड उभे राहते, त्यावर पाठीचा कणा एकावर एक रचलेल्या मण्यांप्रमाणे तोलला जातो, आणि सर्वांच्या वर डोके सहज राहते. बैठक खोलगट असली म्हणजे कमरेचे हाड मागे लवंडते. पायाच खचला, मग वरची भिंत कशी उभी राहणार? कणा वाकतो, छाती दबते, आणि समोर पाहण्यासाठी मान ताणावी लागते. धडधाकट मुलास याने फार मोठे नुकसान होत नाही, कारण ते पाच मिनिटांपेक्षा अधिक वेळ एका जागी बसतच नाही. ते उठते, कूस बदलते, पाय दुमडते, पळून जाते. परंतु ज्या मुलास मेंदूच्या इजेमुळे आपले स्नायू आवरता येत नाहीत, अगर पोलिओमुळे ज्याच्या पाठीचे व पायांचे बळ गेले आहे, त्यास कूस बदलता येत नाही. त्यास जसे बसवावे तसेच ते तासन् तास राहते. म्हणून आंद्रीचा उपदेश सामान्य मुलांसाठी शहाणपणाचा असला, तर अशा मुलांसाठी तो अत्यावश्यक आहे.

खेदाची गोष्ट ही की, अशा मुलांचा विचार आंद्रीच्या ग्रंथात फारसा नाही. ज्या अधूपणाचे मूळ हाडात नसून मेंदूत असते, त्याचे शास्त्र त्याच्या काळी जन्मलेच नव्हते. १७८० साली झाँ-आंद्रे व्हेनेल याने स्वित्झर्लंडमधील ओर्ब या गावी व्यंग असलेल्या मुलांसाठी पहिली स्वतंत्र संस्था काढली. आणि विल्यम जॉन लिट्ल या इंग्रज वैद्याने, ज्याचा स्वतःचा पाय बालपणीच्या आजाराने वाकडा झाला होता, १८६१ साली लंडन येथे असे दाखविले की जन्माच्या वेळी झालेल्या त्रासामुळे मुलाचे हातपाय ताठर होऊ शकतात. आज ज्यास सेरेब्रल पाल्सी म्हणतात त्या विकाराचा अभ्यास खऱ्या अर्थाने तेथून सुरू झाला. अशा मुलाच्या बाबतीत झाडाची उपमा अपुरी पडते. झाड वाकले ते वाऱ्याने अगर जागेच्या अडचणीने. त्यास खुंटाशी जखडले तर ते सरळ वाढेल. पण मुलाचे स्नायू मेंदूच्या चुकीच्या आज्ञेने ताठत असतील तर दोर कितीही आवळला तरी ती आज्ञा बदलत नाही. उलट जखडलेले मूल अधिकच ताठते, घाबरते व रडते. चांगली खुर्ची ही मेंदूची इजा बरी करीत नाही, आणि वाकलेला कणा तिने एकटीने सरळ होतो असेही नाही. तिचे काम निराळे आहे. मुलाचे सारे बळ पडू नये म्हणून स्वतःला सावरण्यात खर्च होत असते. खुर्चीने ते सावरण्याचे काम आपल्याकडे घेतले म्हणजे मुलाचे हात मोकळे होतात, डोळे वर उठतात, घास नीट गिळला जातो, आणि समोरच्या माणसाकडे पाहून हसण्यास त्यास सवड होते.

आणि गंमत पाहा. आंद्रीने ज्या खोलगट बैठकीचा धिक्कार केला तीच सुमारे दोनशे वर्षांनी नव्या रूपाने परत आली. १९३० नंतरच्या काही वर्षांत अमेरिकेत एव्हरेस्ट व जेनिंग्ज या दोघांनी पोलादी नळ्यांची घडीची चाकांची खुर्ची तयार केली. घडी घालता यावी म्हणून तिची बैठक कापडाची असे. मोटारीत घालून नेण्यास ती फार सोयीची, आणि तिने असंख्य अपंगांना घराबाहेरचे जग दाखविले, हे तिचे उपकार कोण विसरेल? तथापि कापड काही काळाने झोळीसारखे लोंबते. झोळीत बसलेल्या मुलाचे गुडघे एकमेकांवर येतात, कमरेचे हाड एका अंगास कलते व पाठ गोल होते. म्हणून आजचे जाणते फिजिओथेरपिस्ट अशा खुर्चीत मुलास बसविण्यापूर्वी कापडावर सपाट घट्ट तळ व त्यावर योग्य गादी घालावयास सांगतात. मळसूत्र नाही एवढेच, फळी आंद्रीचीच.

अधू मुलासाठी बैठक निवडताना पालकांनी प्रथम कमरेकडे पाहावे, असे आजचे शास्त्र सांगते. पुष्कळ आईबाप डोक्यापासून आरंभ करतात. डोके लटकते म्हणून मानेमागे उशी देतात, ती पुरली नाही म्हणजे दुसरी देतात, आणि खाली कमर घसरतच राहते. कमर खुर्चीच्या मागच्या टोकास नीट टेकली, मांड्यांना गुडघ्यांपर्यंत आधार मिळाला व तळवे पायफळीवर पूर्ण टेकले, म्हणजे डोक्याची अर्धी तक्रार आपोआप मिटते. ज्याचे सांधे मोकळे आहेत अशा मुलाचे कमर, गुडघे व घोटे हे तिन्ही सांधे साधारणतः काटकोनात यावेत; ज्याचे सांधे आखडले आहेत त्यास मात्र काटकोनात बसविण्याचा हट्ट धरू नये, खुर्चीनेच त्याच्या कोनास जुळवून घ्यावे. बैठकीची कड व गुडघ्याची मागची बाजू यांत दोन-तीन बोटांचे अंतर असावे. बैठक याहून लांब झाली तर गुडघे अडतात व मूल पुढे घसरते. आखूड झाली तर मांड्यांचा आधार जातो.

पाय लोंबकळत ठेवणे ही तर आपल्याकडील नित्याची चूक. आपणही उंच स्टुलावर पाय अधांतरी सोडून बसलो तर थोड्याच वेळात अस्वस्थ होतो, आणि कागदावर अक्षर नीट काढता येत नाही; मग ज्याचा तोल मुळातच कच्चा आहे त्या मुलाची काय कथा? पायाखाली लाकडी ठोकळा ठेवण्यास खर्च तो कितीसा लागतो? पट्टा बांधावयाचा तो पोटावरून नव्हे, तर मांड्या व कमर यांच्या सांध्यावरून, खाली व मागे तिरका ओढून बांधावा. पोटावरून बांधलेला पट्टा मुलाने अंग सोडले की वर सरकतो, आणि छातीवर अगर गळ्यापाशी येऊन तो घातक होऊ शकतो. दोन गुडघ्यांच्या मध्ये जो ठोकळा बसवितात तो मांड्या एकमेकींपासून दूर ठेवण्यासाठी असतो. घसरणाऱ्या मुलास अडवून धरण्याचे काम त्याचे नव्हे, ते कमरेच्या पट्ट्याचे व नीट मापाच्या बैठकीचे आहे. समोरचे पाट्याएवढे मेज कोपराच्या पातळीस असावे, जेणेकरून हातांस टेकू मिळेल व खांदे वर चढणार नाहीत.

भरविण्याच्या वेळी तर बैठकीकडे दुप्पट लक्ष द्यावे. मुलास मांडीवर आडवे घेऊन मान मागे टाकून भरविण्याची चाल घरोघर आहे. ज्या मुलास गिळण्यास कष्ट पडतात त्याचा घास अगर दूध अशा वेळी श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. धड उभे व हनुवटी किंचित खाली, अशा रीतीने बसवून भरविल्यास तो धोका पुष्कळ कमी होतो.

एका गोष्टीचा उल्लेख येथे मुद्दाम करतो. शाळेचा गणवेश शिवताना आपण सारे एक बोट मोठा शिवतो, पुढील वर्षी उपयोगी पडावा म्हणून. संसारी माणसाचे हे शहाणपण कपड्यांच्या बाबतीत शोभते. खुर्चीच्या बाबतीत मात्र ते घातक आहे. दोन वर्षे पुरावी म्हणून घेतलेल्या मोठ्या खुर्चीत लहान मूल एका अंगास कलंडून बसते, उशा कोंबाव्या लागतात, आणि जी दोन वर्षे त्याच्या वाढीची तीच वाया जातात. खुर्ची आजच्या मापाची असावी व ती वाढविता येण्याजोगी असावी. पायफळी वरखाली होणारी, पाठ पुढेमागे सरकणारी. दर काही महिन्यांनी माप पुन्हा घ्यावे. आंद्रीने फळीखाली मळसूत्र का लावले, फळी कायमची ठोकून का टाकली नाही, याचे मर्म बहुधा यातच असावे.

किंमतीने खुर्चीची परीक्षा होत नाही. जाणत्या थेरपिस्टच्या देखरेखीखाली गावच्या सुताराने केलेली साधी लाकडी खुर्ची पुष्कळ वेळा दुकानातील चकचकीत खुर्चीहून सरस ठरते. जमिनीवर बसणाऱ्या घरांसाठी दोन भिंतींच्या कोपऱ्यासारखी पाठ असलेली बुटकी बैठकही करतात. तिच्यात मूल भावंडांच्या पंगतीस, त्यांच्याच उंचीवर बसू शकते, आणि ही गोष्ट लहान नव्हे. खुर्ची मिळाल्यावर पालकांनी मुलास प्रथम थोडा थोडा वेळच बसवावे व नंतर कपडे उतरवून अंगावरील दाबाच्या जागा पाहाव्या. त्वचेवरील लाली थोड्या वेळात गेली नाही तर बैठकीत कोठेतरी दोष आहे असे समजावे. ज्या मुलास स्पर्शाची जाणीव कमी आहे ते दुखते म्हणून सांगणारही नाही. आणि उत्तम खुर्ची मिळाली तरी मुलास दिवसभर तीत ठेवावयाचे नाही. त्यास पालथे निजणे हवे, आधाराने उभे राहणे हवे, चटईवर लोळणे हवे, आणि आईची मांडीही हवी.

आंद्रीला यांपैकी किती गोष्टी पटल्या असत्या, कोण सांगू शकेल? त्याच्या स्वभावास धरून पाहता, निम्म्यांवर तरी त्याने वाद घातला असता. पण वाकलेल्या मुलास बोल लावण्यापूर्वी त्याच्या खालची खुर्ची तपासावी, ही दृष्टी त्याचीच होय, आणि ती त्यास वयाच्या ऐंशीनंतर ग्रंथरूपाने मांडता आली. ग्रंथ प्रसिद्ध झाल्यानंतर तो फार काळ जगला नाही. १३ मे १७४२ रोजी पॅरिस येथे त्यास मृत्यू आला. पुढच्याच वर्षी, १७४३ साली, फ्रान्सच्या राजाने शस्त्रवैद्यांची न्हाव्यांपासून कायमची फारकत केली व ज्या प्रतिष्ठेसाठी ते आंद्रीशी भांडत होते ती त्यांस देऊ केली. त्याच वर्षी लंडनमध्ये त्याच्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर छापले गेले, आणि १७४४ साली बर्लिन येथे जर्मन भाषांतर निघाले. त्या पुस्तकांतून ते दोराने बांधलेले झाड देशोदेशी गेले, आणि खुर्चीखालच्या मळसूत्राचे पानही त्याच्याबरोबर गेले.